पहिली प्राइम लेन्स खोलीचे माप पाहून घ्यावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत नवशिक्या छायाचित्रकारांसाठी आलेला लेख वाचला. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सवर न थांबता एखादी प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची लेन्स घ्यावी, हा त्यातील सल्ला योग्यच आहे. (फोकल लेंग्थ म्हणजे लेन्सचे मि.मी.मध्ये सांगितले जाणारे माप; ते जितके मोठे, तितके चौकटीत मावणारे दृश्य अरुंद.) मात्र ती प्रत्येकाने ५० मि.मी.चीच घ्यावी, कारण ती स्वस्त असते आणि माणसाच्या डोळ्याला दिसते तसेच दृश्य दाखवते, असे जे त्यात ठामपणे म्हटले आहे, त्याला माझा आक्षेप आहे. मी मिरजेत हौशी मंडळींना सुटीच्या दिवशी छायाचित्रण शिकवतो. कोणाचा तरी सल्ला ऐकून ५० मि.मी.ची लेन्स घेतलेले आणि महिन्याभरात ती कपाटात ठेवून पुन्हा किट लेन्सकडे वळलेले विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या लेन्समध्ये दोष काहीच नसतो, पण ती त्यांच्या कॅमेऱ्यावर, आणि त्याहूनही त्यांच्या घरात, लांब पडते.

५० मि.मी.चा लौकिक खोटा नाही, पण तो ज्या कॅमेऱ्यांवर मिळाला ते कॅमेरे वेगळे होते. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याला ५० मि.मी.ची लेन्स होती, आणि पुढे फिल्मच्या जमान्यात बहुतेक एसएलआर, म्हणजे आतल्या आरशातून दृश्य दाखवणारे, कॅमेरे याच लेन्ससह विकले गेले. त्या फिल्मवरची चौकट ३६ मि.मी. रुंद आणि २४ मि.मी. उंच असे, तिचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. भरतो, आणि फोकल लेंग्थ चौकटीच्या कर्णाच्या आसपास असली की चित्रातील दृश्य फार पसरलेलेही वाटत नाही व फार ओढून आणलेलेही वाटत नाही, असा जुना ठोकताळा आहे. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांना हा ठोकताळा हाताने ठाऊक होता. लग्नकार्यात ज्यांच्या गळ्यात याशिका मॅट १२४ जी दिसे, त्यांच्या कॅमेऱ्याला ८० मि.मी.ची, न बदलता येणारी लेन्स होती आणि तीच त्या कॅमेऱ्याची नॉर्मल लेन्स मानली जाई, कारण त्यातील १२० फिल्मवर उमटणारी चौरस चौकट साधारण ५६ मि.मी. बाजूची असल्याने तिचा कर्ण ७९ मि.मी.च्या घरात जातो. म्हणजे नॉर्मल असणे हा एकट्या लेन्सचा गुण नव्हे, लेन्स आणि तिच्यामागची चौकट मिळून तो ठरतो, आणि चौकट बदलली की जुना आकडा तसाच पुढे चालवता येत नाही.

आज नवशिक्याच्या हाती येणारा कॅमेरा बहुतेक वेळा क्रॉप सेन्सरचा असतो, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा त्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. निकॉन आणि सोनीच्या अशा कॅमेऱ्यांतील सेन्सर साधारण २३.५ मि.मी. रुंद व १५.६ मि.मी. उंच असतो, तर कॅननचा त्याहून थोडा लहान, २२.३ बाय १४.९ मि.मी.चा असतो. या चौकटींचे कर्ण २७ ते २८ मि.मी. भरतात. त्यामुळे या कॅमेऱ्यांवर नॉर्मल म्हणावी अशी लेन्स २८ मि.मी.च्या आसपासची, फार तर ३५ मि.मी.ची ठरते. ५० मि.मी.ची लेन्स मात्र फिल्मच्या हिशेबाने निकॉन व सोनीवर ७५ मि.मी.सारखी आणि कॅननवर ८० मि.मी.सारखी वागते, म्हणजे ती व्यक्तिचित्रांसाठी वापरायची, थोडी दूर उभे राहून चेहरा टिपणारी लेन्स होते. डोळ्याला दिसते तसे दृश्य ती या कॅमेऱ्यांवर दाखवत नाही, आणि लेखात नेमकी हीच गोष्ट सुटली आहे.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण घरात तो लगेच जाणवतो. उभ्या माणसाचे डोक्यापासून पायापर्यंतचे छायाचित्र कॅमेरा उभा धरून काढायचे आणि वरखाली थोडी मोकळी जागा सोडायची, तर चौकटीत सुमारे २ मीटर उंची मावली पाहिजे. त्यासाठी ५० मि.मी.ची लेन्स घेऊन निकॉन किंवा सोनीच्या क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यासह सव्वाचार मीटर, म्हणजे चौदा फूट मागे जावे लागते. कॅननच्या बाबतीत हे अंतर आणखी पाऊण फुटाने वाढते. ३५ मि.मी.ला सुमारे दहा फूट पुरतात आणि २४ मि.मी.ला सातच्या आत-बाहेर. आता आपल्या सदनिकांमधील दहा बाय दहाची खोली डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात एका भिंतीला पलंग किंवा कपाट असते, छायाचित्र काढणाऱ्याच्या पाठीलाही दीड फूट जागा लागते आणि समोरचा माणूस अगदी भिंतीला चिकटून उभा राहत नाही, त्यामुळे हातात उरते ते जेमतेम सात-साडेसात फुटांचे अंतर. बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या बायका, हळदीकुंकवाला सतरंजीवर ओळीने बसलेल्या पाच जणी किंवा आजोबांच्या एकसष्टीला औक्षण करणाऱ्या सुना ५० मि.मी.च्या चौकटीत घ्यायच्या, तर छायाचित्रकाराला जिन्यात जाऊन उभे राहावे लागेल. ओळीत बसलेल्या पाच जणींसाठी अडीच मीटर रुंदी धरली, तर ५० मि.मी.ला साडेसतरा फूट, ३५ मि.मी.ला बारा फूट आणि २४ मि.मी.ला साडेआठ फूट अंतर हवे. यांपैकी कोणते अंतर आपल्या घरात मिळते, हे प्रत्येकाला फूटपट्टीशिवायही सांगता येईल.

याला आणखी एक कारण जोडावेसे वाटते, कारण लेखात त्याचा उल्लेख नाही. आजचा नवशिका कॅमेऱ्याकडे मोबाइलवरून येतो. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा फिल्मच्या हिशेबाने २४ ते २८ मि.मी.च्या दरम्यानचे रुंद दृश्य दाखवतो, आणि वर्षानुवर्षे तेवढे दृश्य पाहून डोळा त्या रुंदीला सरावलेला असतो. त्याच्या हाती एकदम ७५-८० मि.मी.सारखे वागणारे काचेचे नळकांडे दिले, की पूर्वी जेवढे मावत होते त्याच्या जवळपास एक तृतीयांश रुंदीच चौकटीत येते. मग तो मागे सरकतो, भिंतीला टेकतो आणि कंटाळतो.

प्राइम लेन्स घ्यायचीच कशाला, याचे लेखातील उत्तर 'मागची पार्श्वभूमी छान धूसर होते' एवढ्यावर थांबते. मला ते कारण दुय्यम वाटते. पहिले कारण उजेडाचे आहे. नेहमीची १८-५५ मि.मी.ची किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). एफ १.८ची प्राइम लेन्स तिच्या साडेनऊपटीहून थोडा अधिक प्रकाश सेन्सरवर सोडते. संध्याकाळी एका ट्यूबलाइटच्या उजेडात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, १६०० ठेवून किट लेन्सला जिथे १/१५ सेकंदाचा शटर स्पीड मिळत असेल आणि खेळणाऱ्या मुलाचा हात फरकाट्यासारखा उमटत असेल, तिथे एफ १.८वर १/१२५च्याही पुढे जाता येते आणि तो हात स्थिर दिसतो. किंवा किट लेन्सला जिथे आयएसओ ६४०० लागत असेल, तिथे शटर तसाच ठेवून तो ८००च्या खाली आणता येतो आणि चित्रातील कण कमी होतात. तुलना ३५ मि.मी.वर केली तर लाभ थोडा कमी होतो, कारण तिथे किट लेन्स साधारण एफ ४.५पर्यंत उघडते. तरीही सव्वासहापट प्रकाश ही काही लहान गोष्ट नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडवून हे काम भागते असे कोणी म्हणेल, पण निरांजनाच्या उजेडात उजळलेला चेहरा फ्लॅशने पांढराफटक होतो आणि ज्यासाठी छायाचित्र काढायचे तेच नाहीसे होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्थिर वस्तूंसाठी प्राइम लेन्सचा हा लाभ वाटतो तेवढा मोठा नाही. किट लेन्समध्ये बहुधा कंप रोखणारी यंत्रणा असते, तर कॅननची ५० मि.मी. एफ १.८ किंवा निकॉनची ३५ मि.मी. एफ १.८ यांसारख्या स्वस्त प्राइम लेन्समध्ये ती नसते. देवळाच्या गाभाऱ्याबाहेरचे कोरीव खांब, वाड्यातील तुळई, मांडून ठेवलेली रांगोळी यांना हलायचे नसते. ती किट लेन्सने १/१० सेकंदालाही हात स्थिर ठेवून टिपता येतात, आणि तिपाई असली तर प्रश्नच उरत नाही. ज्याला लेणी आणि किल्ले एवढेच टिपायचे आहेत त्याने प्राइम लेन्सऐवजी चांगली तिपाई घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपरोधक यंत्रणा हात स्थिर करते, समोरचा माणूस स्थिर करत नाही. माणसे हलत असतील, उजेड कमी असेल आणि जागा अपुरी असेल, तेव्हाच प्राइम लेन्सचे पैसे वसूल होतात.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या असतील, तर आमच्या गावातील सतारमेकर गल्लीसारखी दुसरी जागा नाही. येथील तंतुवाद्यांच्या कारखान्यांना कारखाने म्हणायचे एवढेच, एरवी त्या आठ-दहा फुटांच्या खोल्या असतात. भिंतीला आणि आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, दारातून येणारा उजेड पहिल्या तीन-चार फुटांतच संपलेला आणि आत एक दिवा. तंबोऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे तारेचा नाद जुळवणारा, कारागीर घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) पृष्ठभाग कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, कान जवळ नेतो आणि पुन्हा घासतो. या कामात त्याचा हात, त्याचा कान आणि वाद्याचा भोपळा हे तिन्ही एका चौकटीत आले तरच ते काय चालले आहे हे पाहणाऱ्याला कळते. दीड मीटर अंतरावरून निकॉन किंवा सोनीच्या कॅमेऱ्यावर ५० मि.मी.ची लेन्स आडव्या चौकटीत सत्तर सेंटिमीटर रुंदीच घेते, म्हणजे एक तर हात मिळतो किंवा चेहरा. ३५ मि.मी.ला एक मीटर रुंदी मिळते आणि वाकलेला माणूस घोडीसकट आत येतो. २४ मि.मी.ला जवळपास दीड मीटर मिळते आणि चार-पाच फुटांचा आख्खा तंबोराही मावतो. फ्लॅश येथे चालत नाही, कारण दर वेळी तो उडाला की ज्याचे सारे लक्ष कानात एकवटले आहे अशा माणसाचे ध्यान मोडते, आणि ते मोडण्याचा अधिकार आपल्याला नसतो. एफ १.८ किंवा एफ २ची लेन्स तिथे सहज काम करते. माझ्या वर्गातील जी मंडळी येथे येतात, त्यांना कोणती लेन्स घ्यावी हे मी सांगत नाही, ते त्या खोलीतच त्यांना उमगते.

५० मि.मी.ची लेन्स निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. मोकळ्या अंगणात, गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर एका माणसाचे छातीपर्यंतचे चित्र घ्यायचे असेल, तर क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यावर तिच्याइतकी गुणी आणि स्वस्त लेन्स शोधून सापडणार नाही. चेहऱ्याच्या फार जवळ जावे लागत नसल्याने नाक मोठे आणि कान मागे गेल्यासारखे दिसत नाहीत, हा तिचा मोठा फायदा आहे. २४ मि.मी.ने तेवढाच चेहरा चौकटीत भरायला गेले, तर अगदी हातभर अंतरावर यावे लागते आणि मग नाकाने चित्र व्यापते. गाण्याच्या बैठकीतही ती कामाची आहे. मिरजेला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात जो संगीतोत्सव होतो, तशा ठिकाणी श्रोत्यांत सहा मीटरवर बसून ५० मि.मी.च्या चौकटीत पावणेतीन मीटर रुंदी येते, म्हणजे गायक आणि शेजारचा तबलजी नीट मावतात, आणि फ्लॅशशिवाय काम होते. ज्याचे बहुतेक काम असे आहे त्याने निःशंकपणे ५० मि.मी. घ्यावी. माझा विरोध तिला नसून, न विचारता सर्वांना तीच देण्याला आहे.

मग आपल्याला नेमकी कोणती हवी, हे पैसे न खर्चता ठरवण्याचा एक सोपा मार्ग आहे आणि तो लेखात यायला हवा होता. किट लेन्सवरचे झूमचे कडे ३५च्या खुणेवर आणावे, त्यावर कागदी चिकटपट्टी लावावी आणि आठवडाभर घरात, गल्लीत, बाजारात त्याच मापाने छायाचित्रे काढावीत. पुढचा आठवडा २४ आणि त्यापुढचा ५० अशी पाळी घ्यावी. उजेड कमी मिळेल, पण दृश्याची रुंदी हुबेहूब त्याच मापाच्या प्राइम लेन्सची असेल. कोणत्या आठवड्यात आपण सारखे मागे सरत होतो आणि कोणत्या आठवड्यात पुढे जावेसे वाटत होते, हे कोणी सांगावे लागत नाही. ज्यांच्याकडे जुनी छायाचित्रे आहेत त्यांनी संगणकावर प्रत्येक छायाचित्राची माहिती उघडून पाहावी. तेथे फोकल लेंग्थची नोंद असते. निम्म्याहून अधिक छायाचित्रे १८ ते २४च्या दरम्यान निघाली, तर ५० मि.मी.च्या वाटेला जाऊ नये.

माप ठरल्यावर कंपनीचा प्रश्न येतो, आणि येथे खरी ठेच लागते. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या कॅमेऱ्यांमध्ये लेन्स फिरवून फोकस करणारी मोटर कॅमेऱ्याच्या आत नसते. त्यामुळे नावापुढे नुसते 'एएफ' आणि शेवटी 'डी' असलेली जुनी ५० मि.मी. एफ १.८ लेन्स त्यांवर बसते खरी, पण ऑटोफोकस होत नाही. ज्यांच्या नावात 'एएफ-एस' आहे अशा लेन्समध्ये स्वतःची मोटर असते आणि त्याच घ्याव्यात. जुनी 'डी' लेन्स वापरलेल्या मालात स्वस्तात मिळते म्हणून ती गळ्यात मारली जाते, आणि घरी आल्यावर मुलाच्या मागे हाताने फोकस फिरवत बसण्याची वेळ येते. डी ७५०० सारख्या वरच्या कॅमेऱ्यात मोटर असल्याने तिथे ही अडचण येत नाही. निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांसाठी (डीएसएलआर म्हणजे फिल्मऐवजी सेन्सर असलेला एसएलआर) २००९ साली आलेली एएफ-एस डीएक्स ३५ मि.मी. एफ १.८ जी ही मला सर्वांत सरळ निवड वाटते: मापही योग्य, उजेडही भरपूर, आणि ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस होत असल्याने ताटातला पदार्थ किंवा हातावरची मेंदीही घेता येते.

कॅननच्या डीएसएलआरवाल्यांची स्थिती थोडी अडचणीची आहे. त्यांच्या सर्व ईएफ लेन्समध्ये मोटर असल्याने निकॉनसारखा घोळ नाही, पण क्रॉप सेन्सरसाठी ३५ मि.मी. एफ १.८ अशी स्वस्त लेन्स कॅननने त्या मालिकेत काढलीच नाही. २०१५ साली आलेली ५० मि.मी. एफ १.८ एसटीएम हीच त्यांची सर्वांत स्वस्त चांगली लेन्स, आणि तिच्या लोकप्रियतेचे निम्मे श्रेय या अभावालाच द्यावे लागेल. दुसरा पर्याय २४ मि.मी. एफ २.८ एसटीएम. ती बिस्किटाएवढी चपटी, १६ सेंटिमीटरवरून फोकस करणारी आणि आपल्या खोल्यांना नेमकी आहे. परंतु किट लेन्स २४ मि.मी.वर एफ ४ला उघडत असल्याने तिच्याहून ही दुप्पटच प्रकाश देते, सहापट नाही. जागा महत्त्वाची की उजेड, याचा हिशेब कॅननवाल्यांना करावाच लागतो. मला विचाराल तर घरातल्या माणसांसाठी मी २४ मि.मी. घेईन, कारण आयएसओ वाढवता येतो, भिंत मागे सरकवता येत नाही.

आरशाशिवायच्या नव्या कॅमेऱ्यांत पर्याय वाढले आहेत. निकॉनच्या झेड मालिकेतील क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यांसाठी २०२३ साली आलेली २४ मि.मी. एफ १.७ ही माप आणि उजेड या दोन्ही बाबतींत चोख आहे. सोनीची क्रॉप सेन्सरसाठीची ३५ मि.मी. एफ १.८ थोडी महाग असली, तरी तिच्यात कंपरोधक यंत्रणा आहे आणि ए ६००० सारख्या ज्या कॅमेऱ्यांच्या आत ती यंत्रणा नाही त्यांना तिचा उपयोग होतो. सिग्माची ३० मि.मी. एफ १.४ हीदेखील मापाने अगदी नॉर्मल लेन्स आहे. कॅननच्या आर ५० किंवा आर १०० वर जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या अ‍ॅडॉप्टरवर मात्र वर सांगितलेल्या 'डी' लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही.

धूसर पार्श्वभूमीच्या सोसाबद्दलही दोन शब्द लिहितो. ५० मि.मी.ची लेन्स एफ १.८वर उघडून दीड मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला, तर पुढेमागे मिळून सहाएक सेंटिमीटरच स्पष्ट राहते, आणि कॅमेरा थोडा तिरका असला की एक डोळा रेखीव आणि दुसरा पुसट, असा प्रकार होतो. दोघे जण शेजारी उभे असतील आणि एक वीतभर मागे असेल, तर तो बिचारा कायमचा धूसर राहतो. एफ २.८ किंवा एफ ४ ठेवल्याने पार्श्वभूमी पुरेशी मऊ होते आणि चेहरेही वाचतात. शिवाय बारशाच्या छायाचित्रात मागची भिंत, तिच्यावरचे कॅलेंडर, दारातले तोरण आणि डोकावणारी शेजारीण हीच वीस वर्षांनी पाहायची गोष्ट असते. ती मुद्दाम पुसून टाकण्यात काय शहाणपण आहे, हे मला अजून कळलेले नाही.

वापरलेली लेन्स घेण्याविषयी लेखात एक ओळ आहे, ती अपुरी आहे. मुंबईत बोरा बाजारात किंवा ओळखीच्या माणसाकडून जुनी लेन्स घेण्यात गैर काही नाही, पण आपल्या हवेत, विशेषतः कोकणातून आणि गोव्यातून आलेल्या लेन्समध्ये बुरशी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लेन्सची दोन्ही झाकणे काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च लावावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी समजावी. वरवरची बुरशी साफ होते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग जात नाही. धुळीच्या एकदोन कणांनी मात्र चित्रात काही फरक पडत नाही, त्यासाठी भाव पाडून घ्यावा आणि लेन्स घ्यावी. कॅमेऱ्यावर लावून ऑटोफोकस होतो की नाही आणि अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधली प्रकाशाची वाट लहानमोठी करणाऱ्या, पाकळ्यांवर तेल आलेले नाही ना, हे पाहणेही आवश्यक आहे. नवी घेताना पक्के बिल आणि भारतात चालणारी हमी यांची खात्री करावी, थोड्या पैशांसाठी त्यावर पाणी सोडू नये. घरी आणल्यावर पावसाळ्यात ती चामड्याच्या पिशवीत ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा प्यायले असे समजून तापवून घ्यावेत. त्याहून चांगला उपाय म्हणजे लेन्स वापरात ठेवणे.

शेवटी पैशांचा प्रश्न. दुकानात नवशिक्याला बहुधा दोन लेन्सचा संच दाखवला जातो: एक १८-५५ आणि दुसरी २५० किंवा ३०० मि.मी.पर्यंत जाणारी. दुसरी लेन्स मोठी दिसते, दूरचे जवळ आणते आणि म्हणून विकली जाते, पण ती पूर्ण झूमवर आणखी कमी प्रकाश घेते आणि भर उन्हाशिवाय तिचे फारसे चालत नाही. पक्ष्यांची आवड असेल तर ती जरूर घ्यावी. घरातली माणसे टिपण्यासाठी कॅमेरा घेणाऱ्याने एकाच लेन्सचा संच घ्यावा आणि वाचलेले पैसे बाजूला ठेवून, वर सांगितलेले तीन आठवडे झाल्यावर, त्यांत भर घालून प्राइम लेन्स घ्यावी. प्राइम लेन्स पुढे कॅमेरा बदलला तरी त्याच कंपनीच्या जोडणीवर टिकते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही.

आपल्या पुरवणीतील ही लेखमाला पुढे चालणार असल्याचे त्यात म्हटले आहे. तेव्हा माझी विनंती एवढीच, की पुढील लेखासोबत एक लहानसा तक्ता छापावा, ज्यात २४, ३५ आणि ५० मि.मी.च्या लेन्सने उभा माणूस आणि पाच जणांची ओळ चौकटीत घेण्यासाठी क्रॉप सेन्सरवर किती फूट अंतर लागते हे दिलेले असेल, आणि लेखात येणाऱ्या प्रत्येक छायाचित्राखाली कॅमेऱ्याच्या सेन्सरचा आकार, फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर आणि अंदाजे अंतर यांची नोंद असावी. या वेळच्या लेखासोबतची सगळी छायाचित्रे बागेत काढलेली होती. निदान एखादे तरी स्वयंपाकघरात काढलेले असावे. तक्त्यासाठी लागणारी मापे वर आलीच आहेत, लेखकांनी ती आपल्या कॅमेऱ्यावर एकदा तपासून घ्यावीत.

आपला,
एक नियमित वाचक,
मिरज